वास आला तर

आमच्या घरी आलेली ती ओव्हनवाली शेगडी नदी ओलांडून आली. हावड्याच्या बाजूला राहणाऱ्या लिमयेवहिनींची बदली नागपूरला झाली होती, आणि आमची सोलापूरहून नुकतीच कलकत्त्याला. बाबा रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. गार्डन रीचला आम्हाला क्वार्टर मिळालं होतं, दुसऱ्या मजल्यावरचं, मागच्या खिडकीतून हुगळीचा एक तुकडा दिसणारं. लिमयेवहिनींच्या घरापासून घाटापर्यंत ठेल्यावर, मग लाँचमधून, मग पुन्हा ठेल्यावर असा त्या शेगडीचा प्रवास झाला. लाँचमध्ये तिच्याभोवती माणसं अशी उभी होती की जणू एखाद्या मूर्तीला घेऊन चालले आहेत. आई तिच्यावर हात ठेवून उभी होती आणि वाऱ्याने तिचा पदर सारखा चारही बर्नरांवरून फडफडत होता.

कलकत्त्यातल्या बदलीवाल्या मराठी घरांत ही शेगडी बरीच वर्षं फिरत होती. बदली झाली की जाणाऱ्या बाईने ती येणाऱ्या बाईला द्यायची, असा प्रघात होता. तो कुणी पाडला ते कुणालाच माहीत नव्हतं. प्रत्येक घराने तिच्यावर आपली खूण सोडली होती. एका बटणाच्या जागी प्रेशर कुकरच्या झाकणाची काळी मूठ बसवलेली होती. ओव्हनचं दार नीट मिटत नसे, म्हणून कुणीतरी परकराची नाडी बांधून ठेवली होती. मागच्या एका पायाखाली पत्र्याची डबी होती, ती काढली की सगळी शेगडी डुगडुगायची. हळदीकुंकवाला बायका जमल्या की विचारायच्या, "कशी आहे हो आपली शेगडी? डावीकडची अजून रुसते का?" माहेरच्या म्हाताऱ्या गायीची चौकशी करावी तशी.

शेगडीबरोबर तिचे गुणदोषही तोंडी दिले जात. लिमयेवहिनी बांधाबांध अर्धी टाकून आमच्याकडे आल्या, चहा प्यायल्या आणि शेगडीसमोर उभं राहून त्यांनी आईला सगळं समजावून सांगितलं. "ही डावीकडची आधी दाबायची, मग फिरवायची. ज्योत पिवळी झाली की बर्नर काढून टाचणीने भोकं साफ करायची. नळीला चीर दिसते का ते अधूनमधून बघायचं. आणि ओव्हनच्या कॉकवर काडीचाही विश्वास ठेवायचा नाही हं. बंद केला तरी बंद झालाय असं समजायचं नाही. काम झालं की सिलिंडरच बंद. आणि वास आला तर आधी खिडक्या उघडायच्या, दिव्याच्या, पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही, काडी तर मुळीच नाही."

"वास आला तर," आई म्हणाली. ती एवढंच म्हणाली आणि मान हलवली. मी शेजारी पुस्तक घेऊन बसले होते. आता मला वाटतं, त्या क्षणी तिचा चेहरा मी पाहायला हवा होता. पण त्या वयात आईचा चेहरा कोण बघतं? तो असतोच.

ते आईचं पहिलं स्वतःचं स्वयंपाकघर होतं. सोलापूरच्या घरात चूल आणि स्टोव्ह आत्याच्या ताब्यात असत. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लवकर वैधव्य येऊन माहेरी परतलेली, कडक, आणि नाकाने तिखट. तिचं नाक घरात प्रसिद्ध होतं. बंद डब्यातलं पीठ जुनं झालंय हे ती डब्याशेजारून जाताना सांगे. आई तिच्या हाताखाली निवडणं, चिरणं, लाटणं करी. फोडणी आत्याची. त्यामुळे गार्डन रीचला आल्यावर आईने स्वयंपाकघरात पहिली गोष्ट केली ती म्हणजे दार आतून लोटून घेतलं आणि एकटीने फोडणी घातली. बाबा बाहेरून म्हणाले, "अगं, काय चाललंय?" ती म्हणाली, "काही नाही. आमटी."

त्या घरातले आवाज मला अजून ऐकू येतात. सकाळी जहाजांच्या कारखान्याचा भोंगा होई, त्या सुमाराला आई पोळ्यांना बसलेली असे. नदीवरून बोटीची लांब हाक येई. समोरच्या बिऱ्हाडात काकीमा राहत. ढाक्याकडून आलेलं त्यांचं घराणं, मोठा आवाज, त्याहून मोठं हसू. त्या मोहरीच्या तेलात मासे सोडत त्याचा चरचराट जिना ओलांडून आमच्या घरात येई आणि मागोमाग वास. काकीमांनी कधी सुकट केली की बाबा पुस्तक मिटून खिडक्या लावत सुटत. आमच्या घरात कुठल्याही वाईट वासाला एकच नाव होतं, मासे, आणि एकच उपाय, खिडक्या बंद. आई मात्र कधी उठून खिडकी लावत नसे. बाबा म्हणत, "तुला बरं चालतं!" ती म्हणे, "मला सर्दी आहे."

तिची ती सर्दी कधी गेलीच नाही. दूध तापवण्याआधी ती भांडं माझ्यासमोर धरी. "बघ गं, नासलंय का. मला सर्दी आहे." तूप कढवताना मला शेजारी अभ्यासाला बसवी. आणि स्वयंपाक करताना ती फार गप्प असे. मोहरी टाकली की मान किंचित कलती करून थांबे. तिच्याकडे बघून वाटे की रेडिओवर दूरचं स्टेशन लागलंय आणि ती ते ऐकतेय. मोहरीचं तडतडणं मंदावलं की हिंग, मग हळद, लगेच पाणी. बेसन भाजताना ती उलथन्याचा आवाज ऐकायची. आधी जड, मग मोकळा, मग वाळूसारखा. बाबा ऑफिसातून येत ते जिन्यातूनच बोलत, "आज मेथी! आणि काहीतरी भाजलंय, शेंगदाणे?" आई आतून म्हणे, "फार नाही ना भाजले?" "छे, मस्त." मला ते नवरा-बायकोचं रोजचं बोलणं वाटे.

दुर्गापूजेच्या सुट्टीत आत्या आमच्याकडे राहायला येणार असं पत्र आलं तेव्हा आईने स्वयंपाकघर आधी घासलं, मग पुसलं, मग पुन्हा घासलं. "किती दिवस राहणार आहेत वन्सं?" तिने बाबांना विचारलं. "बघू. तिला बरं वाटलं तर राहील की इथंच. तुलाही मदत." बाबा सहज म्हणाले. कितीतरी वर्षांनी आईने मला सांगितलं की त्या रात्री ती झोपली नव्हती. सोलापूरला एका तापानंतर तिचं नाक गेलं होतं, अगदी पूर्ण, आणि हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. आत्याला कळलं असतं तर ती शांतपणे म्हणाली असती, "मग तू विस्तवापासून लांबच राहा बाई." आणि त्यात चूक काहीच नव्हती, म्हणूनच आईला भीती होती. आता स्वतःचं स्वयंपाकघर मिळालं होतं आणि ते काढून घ्यायला एक पुरेसं खरं कारण तिच्या चेहऱ्यावर मधोमध बसलेलं होतं.

आत्या आली. हावडा स्टेशनवर उतरल्याबरोबर तिने नाकाला पदर लावला तो घरी येईपर्यंत काढला नाही. शेगडी पाहून म्हणाली, "एवढं मोठं धूड कशाला? आणि त्या खालच्या कपाटात कुणी कुणी अंडी भाजली असतील, देव जाणे." आईने ओव्हन पुन्हा एकदा चिंचेच्या पाण्याने पुसून काढला. जेवताना आत्या पहिला घास घेऊन थांबायची. "आमटी बरी झालीये. हिंग हात राखून पडलाय." आई म्हणायची, "हो का? उद्या बघते." आणि माझ्याकडे बघायची. मी मान हलवून सांगायची, नाही, बरोबर आहे. हे आमच्यात कधी ठरलं होतं, आठवत नाही.

खंडेनवमीचा दिवस आला. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा. बंगाल्यांची ती महानवमी, सकाळपासून खाली पूजेच्या मांडवात ढाक, त्यांचे मोठे ढोल, वाजत होते. बाबांनी देवासमोर आपलं पेन आणि हिशेबाचं यंत्र मांडलं, मी पुस्तकं ठेवली, आईने विळी. आत्या म्हणाली, "आणि ते तुझं धूड? पोटाला घालतं ना तेच? त्याचीही पूजा व्हायला हवी." आईला फार आनंद झाला. आत्याने शेगडीबद्दल पहिल्यांदा बरा शब्द काढला होता. सकाळीच आईने ओव्हनमध्ये नैवेद्यासाठी नानकटाई भाजली होती. आता सगळे बर्नर बंद करून तिने शेगडी पुसली, चारही बाजूंनी हळदकुंकवाची बोटं ओढली आणि साडी बदलायला गेली. नंतर दूध तापवायचं होतं म्हणून सिलिंडर चालूच ठेवला. आत्याने झेंडूचा जाड हार आणवला होता, तो तिने शेगडीच्या पुढच्या बटणांना अडकवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. छान दिसत होता.

मला मांडवात दुर्वा आणि आणखी फुलं आणायला पाठवलं होतं. परत येताना जिन्यात काकीमा भेटल्या, हाताला हळद लागलेली, कपाळावर घाम. "शुधा! आज नवमी, आज मांग्शो! तुझ्या आईला सांगू नको, एक वाटी खाऊन जा." मी हसून नाही म्हटलं. हा त्यांचा माझ्याशी चाललेला जुना विनोद होता. त्यांच्या दारातून मटणाच्या रश्श्याचा गरम मसाल्याचा वास येत होता.

घरात आले तेव्हा बाबा सोवळं नेसून, हातात तबक घेऊन देवाच्या कोनाड्यापासून स्वयंपाकघराकडे निघाले होते. तबकात निरांजन पेटलेलं. बाहेरच्या खोलीत धूप इतका केला होता की डोळे चुरचुरत होते. आत्या स्वयंपाकघराच्या दारात नाकाला पदर लावून उभी होती.

"काय बाई हा वास! निदान आजच्या दिवशी तरी त्या बयेने मासे करू नयेत. मघाशीच मी खिडकी लावून घेतली, तरी वाढतोच आहे."

मलाही तो आला. सवयीने मीही मनात मासेच म्हटलं. मग जिना आठवला. "आज मासे नाहीत आत्या. काकीमांकडे आज मटण आहे. मी आत्ता तिथूनच आले."

"शी! मग हे काय कुजलंय? सडक्या कांद्यासारखं?"

आई माझ्या मागे येऊन उभी होती, साडीच्या निऱ्या अजून हातात. तिने आत्याकडे पाहिलं. मग शेगडीकडे, लावलेल्या खिडकीकडे, आणि बाबांच्या हातातल्या ज्योतीकडे. बाबा उंबऱ्यावर होते.

"वन्सं, वास वरून येतोय की खालून?"

"खालून. त्या कपाटापाशी जास्त."

आईने पुढे होऊन उघड्या तळव्याने निरांजन विझवलं. तूप तिच्या हातावर सांडलं.

"अगं! अपशकुन—" आत्या ओरडली.

"अहो, मागे व्हा. बाहेर जा, सगळे बाहेर जा. धुपाटणं गॅलरीत न्या." तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. धूर जावा म्हणून आत्याचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला होता. "हात लावू नका वन्सं! बटणाला हात लावू नका!" आणि मग, सगळ्यांसमोर, माझ्याकडे वळून, "मला वास येत नाही. मला कसलाच वास येत नाही, कधीपासून. सुधे, तू सांग. गॅस आहे का?"

मी श्वास घेतला. "हो."

ती आत गेली. गुडघ्यांवर बसून तिने ओव्हनच्या दाराशी कान नेला. खाली ढाक वाजत होते, तरी तिने गॅसची सुरसुर ऐकली, मला नंतर म्हणाली, अगदी बारीक, दूध उतू जायच्या आधी होते तशी. तिने सिलिंडर बंद केला, हार ओढून काढला, खिडकी सताड उघडली, आणि आम्हाला हाताला धरून जिन्यात आणलं. काकीमा बाहेर आल्या, बाबांना सोवळ्यात, आईला अर्धवट नेसलेली, आत्याला पांढरी पडलेली पाहून त्यांनी काही न विचारता आपली चूल आधी विझवली. मग आम्ही सगळे खाली अंगणात जाऊन उभे राहिलो. मांडवातली माणसं आमच्याकडे बघत होती.

आत्याने झेंडूचा हार अडकवला म्हणून ओव्हनचा कॉक फिरला, की तो आधीपासूनच गळत होता, हे कधीच ठरलं नाही. नंतर आलेला दुरुस्तीवाला दोन्ही बाजूंनी बोलला, साबणाचं पाणी लावून बुडबुडे दाखवले, नळी बदलली, ओव्हनकडे जाणारी वाट कायमची बुजवून टाकली आणि कलकत्त्याच्या दमट हवेला शिव्या देत गेला.

पण हे सगळं नंतर. आम्ही अजून त्या अंगणातच उभे होतो. आई तळव्यावर फुंकर घालत होती. आत्याने तिचा हात ओढून घेतला, पाहिला आणि म्हणाली, "सोलापूरला असल्यापासून?"

"हो."

"त्या तापानंतर?"

"हो."

"आणि इथं इतके दिवस तू वासाशिवाय रांधत होतीस. आणि मी हिंग कमी म्हणत होते." आत्याने नाकाचा पदर काढला. "हिंग बरोबरच असायचा. म्हणायचं म्हणून म्हणत होते."

आईला हसू आलं आणि रडूही, आणि साडी अजून तिच्या हातातच होती.

आता आत्या काय ठरवणार, याची मी वाट पाहत होते. मला माहीत नव्हतं काय पणाला लागलंय, पण आईचा हात ज्या तऱ्हेने घट्ट झाला होता त्यावरून काहीतरी आहे एवढं कळत होतं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, आत्या आंघोळ करून आली, पाट घेतला आणि स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, उंबऱ्याच्या अलीकडे मांडला. "मी इथं बसते. काही वेगळं वाटलं तर सांगते. आत हात लावणार नाही." आणि ती खरंच बसली. जितके दिवस राहिली तितके दिवस उंबऱ्याबाहेर बसून भाजी निवडून देत राहिली. मधूनच म्हणे, "लागतंय गं खाली," आणि आई म्हणे, "माहितीये, मला ऐकू आलं." निघताना हावडा स्टेशनवर डब्याच्या खिडकीतून तिने माझा कान धरला. "सकाळी आईच्या आधी स्वयंपाकघरात जायचं. वाचत लोळायचं नाही. वास घ्यायचा, सांगायचं, मगच तिने काडी ओढायची. कळलं?"

तेव्हापासून रोज सकाळी मी आधी आत जाई. आई दारातून विचारी, "काय गं?" मी म्हणे, "काही नाही." मग काडी ओढल्याचा आवाज. बाबांना आधीपासून माहीत होतं का, ते जिन्यातून मेथी, शेंगदाणे असं मोठ्याने का म्हणत, हे मी एकदा त्यांना विचारलं. "मला काय कळतंय स्वयंपाकातलं," म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

पुढे आम्हाला नवी शेगडी मिळाली, आणि मराठी मंडळातल्या बायका विचारू लागल्या, आता ती कुणाला देणार? बराकपूरला एक नवं बिऱ्हाड आलं होतं, तरुण बाई, हौशी. आईने शेगडी दिली नाही. भंगारवाल्याला बोलावून तिचे तुकडे करवले, स्वतः उभं राहून. बायका नाराज झाल्या, एकदोघी बरेच दिवस बोलल्या नाहीत. आई मला म्हणाली, "देताना मला म्हणावं लागलं असतं ना, वास आला तर असं करा. आणि ती नुसतीच मान हलवणारी निघाली असती तर?" काळी मूठ तेवढी तिने ठेवून घेतली. पोळपाटाच्या ड्रॉवरमध्ये ती अजून आहे.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली, इथंच, कलकत्त्यात. मी गॅस गळला की ओरडणारं एक यंत्र भिंतीला लावलं. तिला ते आवडलं नाही. "त्याला काय कळतं?" तिची सकाळची विचारणा चालूच राहिली, पलंगावरून, "काय गं?" महासाथीच्या काळात मला ताप आला, आणि उतरला तेव्हा माझंही नाक गेलं होतं. चहा म्हणजे गरम पाणी. सकाळी तिने विचारलं, "काय गं?" आणि मला उत्तर देता येईना. मी रडायला लागले, इतक्या वयाची बाई. ती काठी टेकत आली, भिंतीवरच्या यंत्राकडे पाहून म्हणाली, "आता राहू दे ते तिथंच," आणि माझ्या शेजारी उभी राहिली. "डोळे मिट. तेल तापू दे. मोहरी टाक. ऐक." मी घाई केली. "अजून नाही. अजून नाही... आत्ता." मग हिंग. रोज असं शिकवलं तिने मला. खुर्ची ओढून बसे, पाय दुखत, तरी. एका दुपारी बेसन भाजताना खमंग वास अचानक माझ्या अंगावर आला, इतक्या जोराने की मी उलथनं थांबवलं. "का थांबलीस?" ती म्हणाली. मी म्हटलं, "काही नाही," आणि ढवळत राहिले. आणखी कितीतरी दिवस मी तिला सांगितलं नाही. ती खुर्चीवर बसून कान देत होती, इतकी खूश होती.

यंदा पूजेआधी ती गेली. आता सकाळी मी आत जाते, वास घेते, थांबते. मग काडी ओढते. मोहरी टाकली की डोळे आपोआप मिटतात, मान कलते. तडतड वाढते, भरात येते, हळूहळू विरळ होत जाते. अजून नाही. अजून नाही.

आत्ता, आई.